अमेरिकेत नातेवाइकाकडून वारशाने आलेल्या अंतराळ-स्मृतिवस्तूंची विक्री : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

अपोलो कार्यक्रम ऐन भरात असताना अमेरिकेत सुमारे ४ लाख माणसे त्या कामाला लागलेली होती. न्यूयॉर्क राज्यातील बेथपेजच्या ग्रमन कारखान्यात चांद्रयानाची जुळणी करणारे, कॅलिफोर्नियातील डाउनी येथे कमांड मॉड्यूल बांधणारे, डेलावेअरमध्ये अंतराळवीरांचे पोशाख शिवणारे आणि ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात रात्रपाळ्या करणारे असे हे लोक होते. त्यांच्या घरी पदके, सह्या केलेली छायाचित्रे, टपाल पाकिटे, उड्डाण-आराखडे, कापडी बिल्ले आणि क्वचित यानाचे सुटे भागही साठत गेले. ती पिढी आता मावळत असून हा ठेवा मुलांच्या, पुतण्यांच्या आणि भाच्यांच्या हाती येत आहे. तो रीतसर विकायचा असेल तर अधिकार कोणाला असतो, कोणते कागद लागतात आणि कर किती व कशावर बसतो, याची माहिती पुढे दिली आहे. तपशील राज्यानुसार बदलतात, म्हणून प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी संबंधित राज्यातील वारसाहक्काच्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

बहुतेक वारसांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. तो स्वाभाविक असला, तरी त्याचा क्रम शेवटचा आहे. विकण्याचा अधिकार आणि वस्तूची मालकी या दोन गोष्टी निश्चित होईपर्यंत संग्रहातील काहीही विकू नये, वाटून घेऊ नये, टाकून देऊ नये आणि पुसून चकचकीतही करू नये.

विकण्याचा अधिकार

वारस असणे आणि विकण्याचा अधिकार असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मृत्युपत्र असेल, तर त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाला न्यायालय ‘लेटर्स टेस्टामेंटरी’ देते. मृत्युपत्र नसेल, तर न्यायालय प्रशासक नेमून त्याला ‘लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ देते. मोठी लिलावगृहे करारावर सही घेण्यापूर्वी याच पत्राची प्रमाणित प्रत मागतात. मृत व्यक्ती जेथे राहत होती, तेथील काउंटीच्या न्यायालयात हा अर्ज करावा लागतो. त्यासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, अर्जदाराचे ओळखपत्र, वारसांची नावे व पत्ते आणि मालमत्तेचे अंदाजे मूल्य सादर करावे लागते. मृत्यूच्या दाखल्याच्या आणि न्यायालयीन पत्राच्या चार-पाच प्रमाणित प्रती आधीच घेऊन ठेवाव्यात, कारण बँक, लिलावगृह आणि विमा कंपनी प्रत्येकजण स्वतंत्र प्रत मागतो.

मालमत्ता लहान असेल, तर संपूर्ण प्रोबेटची, म्हणजे न्यायालयामार्फत होणाऱ्या वारसा-प्रक्रियेची, गरज पडतेच असे नाही. टेक्सासमध्ये मृत्युपत्र नसेल आणि राहते घर व कायद्याने सूट दिलेल्या वस्तू वगळून मालमत्ता ७५,००० डॉलरपर्यंत असेल, तर मृत्यूनंतर ३० दिवसांनी वारसांना शपथपत्र सादर करून न्यायालयाची मान्यता घेता येते. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२५ नंतरच्या मृत्यूंसाठी ही मर्यादा २,०८,८५० डॉलर असून तेथे ४० दिवस थांबावे लागते. या मर्यादेत केवळ संग्रहाची किंमत मोजली जात नाही, तर तिच्यात बसणारी सारी मालमत्ता धरली जाते, हे ध्यानात ठेवावे. संग्रह आधीच एखाद्या न्यासाच्या नावे केलेला असेल, तर न्यायालयाऐवजी विश्वस्ताचा अधिकार चालतो आणि लिलावगृहाला न्यासाचे प्रमाणपत्र द्यावे लागते.

वारस एकाहून अधिक असतील, तर विक्रीला सर्वांची लेखी संमती घेणे उत्तम. वाटणी करायचीच असेल, तर विक्रीच्या पैशांची करावी. पदक थोरल्याकडे, त्याचे प्रमाणपत्र धाकट्याकडे आणि अंतराळवीराचे पत्र बहिणीकडे अशी वाटणी झाली, की तिन्ही वस्तूंचे मोल उतरते, कारण त्या एकमेकींच्या साक्षीदार असतात.

वस्तू खासगी मालकीची असू शकते का?

या प्रक्रियेतील सर्वांत नाजूक भाग हाच आहे. नासाच्या कार्यक्रमातील बहुतेक साहित्य मुळात सरकारी मालमत्ता होते आणि सरकारी मालमत्तेवरचा हक्क नुसत्या काळाच्या ओघात संपत नाही. ‘काकांनी कारखान्यातून घरी आणले होते’ ही आठवण खरी असली, तरी ती मालकीचा पुरावा ठरत नाही. वस्तू भंगार म्हणून विकली गेली होती, शिल्लक साहित्याच्या सरकारी विक्रीतून घेतली होती, कंपनीने निवृत्तीच्या वेळी भेट दिली होती की अंतराळवीराने स्वतः दिली होती, हे कागदावर दाखवता आले पाहिजे.

अंतराळवीरांपुरता हा प्रश्न २०१२ साली सुटला. त्याआधीच्या वर्षी अपोलो १३ चे कमांडर जिम लॉव्हेल यांची तपासयादी लिलावात ३,८८,३७५ डॉलरला गेल्यावर नासाने तिच्या मालकीबद्दल शंका घेतली होती, तर अपोलो १४ मधील एडगर मिचेल यांच्याविरुद्ध सरकारने एका कॅमेऱ्यासाठी दावा लावला होता. त्यानंतर अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या आणि सप्टेंबर २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या ११२-१८५ क्रमांकाच्या सार्वजनिक कायद्याने मर्क्युरीपासून १९७५ च्या अपोलो-सोयूझपर्यंतच्या मोहिमांतील अंतराळवीरांना मिळालेल्या वैयक्तिक वापराच्या, वापरून टाकून देण्याच्या आणि तत्सम वस्तूंवर त्यांची पूर्ण मालकी मान्य केली. तपासयाद्या, उड्डाण-पुस्तिका आणि टाकून दिलेल्या चांद्रयानातून वाचवलेले छोटे भाग त्यात येतात. अभियंते, तंत्रज्ञ व कार्यालयीन कर्मचारी यांना मात्र हा कायदा थेट संरक्षण देत नाही. त्यांच्या वारसांना साखळी जोडावी लागते : वस्तू अमुक अंतराळवीराची होती आणि त्याने ती आमच्या नातेवाइकाला दिली, असे लिहिलेले पत्र त्या साखळीतील मुख्य कडी होय.

चंद्राचे दगड आणि धूळ यांना हा कायदा स्पष्टपणे वगळतो. अपोलोच्या ६ मोहिमांनी आणलेली सुमारे ३८२ किलो सामग्री ही अमेरिकेची राष्ट्रीय संपत्ती मानली जाते. संग्रहात ‘चंद्राची माती’ असे लिहिलेली कुपी किंवा चिकटपट्टी सापडल्यास ती विक्रीला न काढता वकिलामार्फत नासाच्या महानिरीक्षक कार्यालयाशी संपर्क साधावा. होंडुरासला भेट दिलेला चंद्राच्या खडकाचा तुकडा १९९८ मध्ये ५० लाख डॉलरला विकू पाहणारा माणूस याच कार्यालयाने लावलेल्या सापळ्यात अडकला होता. सोव्हिएत लुना १६ यानाने आणलेले तीन कण मात्र १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये सॉदबीजमध्ये कायदेशीररीत्या विकले गेले, कारण सोव्हिएत सरकारने ते त्यांच्या अंतराळ कार्यक्रमाचे मुख्य अभियंते सर्गेई कोरोल्योव्ह यांच्या विधवा पत्नीला अधिकृतपणे भेट दिले होते. चंद्रावरून आपोआप पृथ्वीवर पडलेल्या उल्कांना ही बंदी लागू नाही.

कागदाचे बळ किती असते, हे अपोलो ११ च्या नमुना-पिशवीच्या प्रकरणात दिसले. ही पिशवी सरकारच्याच जप्ती-लिलावात चुकीच्या ओळखीने २०१५ मध्ये ९९५ डॉलरला विकली गेली. खरेदीदाराने ती तपासणीसाठी पाठवल्यावर नासाने ती परत देण्यास नकार दिला. परंतु न्यायालयाने सरकारी विक्रीतील तो व्यवहार ग्राह्य धरला आणि २० जुलै २०१७ रोजी तीच पिशवी सुमारे १८ लाख डॉलरला गेली.

एक सावधगिरी सुरक्षेची. स्फोटक बोल्ट, प्रज्वलक, इंधनाच्या झडपा किंवा रेडियमचा रंग असलेल्या जुन्या तबकड्या आढळल्यास त्या उघडू नयेत आणि टपालाने पाठवू नयेत. आधी तज्ज्ञाला छायाचित्रे दाखवावीत.

पूर्वेतिहासाचा पुरावा कसा जमवावा

घर रिकामे करताना जे कागद सर्वांत आधी कचऱ्यात जातात, तेच बहुधा सर्वांत मोलाचे ठरतात. नोकरीचे ओळखपत्र, वेतनचिठ्ठी, प्रशस्तिपत्र, कारखान्याचे बातमीपत्र, वस्तू ज्या पाकिटात आली ते पाकीट आणि पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेली टीप यांपैकी काहीही टाकू नये. प्रत्येक वस्तू जेथे सापडली तेथेच तिचे छायाचित्र काढावे, मग क्रमांक देऊन यादीत नोंदवावी. नातेवाइकाचे जुने सहकारी हयात असतील, तर त्यांच्याकडून नोटरीसमोर शपथपत्र घेता येते आणि हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

अंतराळात जाऊन आलेली वस्तू आणि तशीच जमिनीवर राहिलेली वस्तू यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. रॉबिन्स कंपनीने बनवलेल्या चांदीच्या पदकांचे उदाहरण घ्यावे. अपोलो ७ पासून अंतराळवीर ही पदके आपल्यासोबत नेत असत. अपोलो ११ वर अशी सुमारे ४५० पदके गेली. पदकावर कंपनीची मुद्रा, ‘स्टर्लिंग’ हा शब्द आणि अनुक्रमांक भिंगाखाली पाहावा, तो क्रमांक यादीत लिहावा आणि पदकावरचा काळसर थर मुळीच घासू नये. याउलट ‘मॅन्ड फ्लाइट अवेअरनेस’ या कर्मचाऱ्यांना कामात दक्ष ठेवण्यासाठीच्या उपक्रमातून वाटलेल्या पदकांत चंद्रावर गेलेल्या यानांचा धातू मिसळलेला असला, तरी ती इतक्या मोठ्या संख्येने वाटली गेली, की त्यांना माफकच भाव येतो.

सह्यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. १९६० च्या दशकात अंतराळवीरांकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ प्रचंड होता आणि पुष्कळ छायाचित्रांवर यंत्राने सही केली जात असे. अशा सह्यांचे नमुने जाणकारांना पाठ असतात. दोन छायाचित्रांवरील सही एकमेकींवर तंतोतंत बसली, तर ती यंत्राची समजावी. नील आर्मस्ट्राँग यांनी १९९४ पासून सह्या देणे थांबवले, त्यामुळे त्यांच्या खऱ्या सहीला मागणी आहे आणि नकलाही अमाप आहेत. आपण परतलो नाही तर विकून आधार व्हावा म्हणून उड्डाणापूर्वी अपोलो ११ च्या चमूने सह्या करून कुटुंबीयांसाठी मागे ठेवलेली ‘विमा पाकिटे’ हा वेगळाच प्रकार असून त्यांच्यासोबत कुटुंबाचे पत्र असणे फार महत्त्वाचे असते.

मूल्यांकन आणि लिलावाचा करार

मूल्यांकन करणारा आणि खरेदी करू इच्छिणारा माणूस एकच नसावा. वस्तूंचे बाजारमूल्य मृत्यूच्या तारखेचे धरून लेखी अहवाल घ्यावा, कारण पुढे कराचा सारा हिशेब त्या आकड्यावर उभा राहतो. संघीय वारसा-कराचे विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ७०६, भरावे लागणार असेल आणि अशा मौल्यवान वस्तूंची एकूण किंमत ३,००० डॉलरहून अधिक असेल, तर तज्ज्ञाचे शपथेवरील मूल्यांकन जोडावे लागते.

हेरिटेज, आरआर ऑक्शन, बॉनहॅम्स आणि सॉदबीज या लिलावगृहांनी अंतराळ-वस्तूंचे स्वतंत्र लिलाव केलेले आहेत. निदान दोघांकडून प्रस्ताव मागवावा. करारात विक्रेत्याचे कमिशन, छायाचित्रण व विम्याचा खर्च, राखीव किंमत, विक्री न झाल्यास वस्तू परत आणण्याचा खर्च आणि पैसे मिळण्याची मुदत या कलमांकडे नीट पाहावे. मालकीची हमी विक्रेत्याने द्यायची असते, आणि विक्रीनंतर सरकारने दावा केल्यास ती हमी व्यवस्थापकाच्या अंगावर येते. म्हणूनच ज्या वस्तूच्या मालकीबद्दल शंका आहे, ती बाजूला ठेवून उरलेला संग्रह विकणे शहाणपणाचे ठरते.

कर

२०२६ मध्ये होणाऱ्या मृत्यूंसाठी संघीय वारसा-करातून सूट मिळण्याची मर्यादा १.५ कोटी डॉलर असल्याने बहुतेक कुटुंबांना हा कर लागत नाही. काही राज्ये मात्र स्वतंत्र कर आकारतात. पेनसिल्व्हेनियात मुलांना ४.५ टक्के, भावंडांना १२ टक्के आणि पुतण्या-भाच्यांना १५ टक्के दराने तो द्यावा लागतो.

विक्रीतील नफा मृत्यूच्या तारखेच्या मूल्यापासून मोजला जातो. समजा, अपोलो ११ च्या कोलंबिया यानावरील सोनेरी आवरणाचा तुकडा नातेवाइकाला फुकट मिळाला होता, मृत्यूच्या दिवशी त्याचे मूल्य ४,००० डॉलर होते आणि विक्रीचा खर्च वजा जाता त्याचे ५,२०० डॉलर आले. तर करपात्र नफा १,२०० डॉलरचाच. वारशाने आलेली वस्तू दीर्घ मुदतीची मानली जाते आणि संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर संघीय दर जास्तीत जास्त २८ टक्के असतो. वारसाने स्वतः विक्री केली असेल, तर तिची नोंद फॉर्म ८९४९ वर करताना संपादनाच्या तारखेच्या रकान्यात ‘इनहेरिटेड’ असे लिहावे. विक्री मृत व्यक्तीच्या मालमत्तेच्या (इस्टेटच्या) नावे झाली, तर फॉर्म एसएस-४ भरून तिचा स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावा, पैसे त्याच नावाच्या बँक खात्यात जमा करावेत आणि वार्षिक उत्पन्न ६०० डॉलर किंवा अधिक असल्यास फॉर्म १०४१ भरावा.

वारस अमेरिकेबाहेर असल्यास

वारस परदेशी नागरिक असून अमेरिकेबाहेर राहत असेल, तर करासाठी अमेरिकी रहिवाशांनी द्यायच्या फॉर्म डब्ल्यू-९ ऐवजी डब्ल्यू-८बेन द्यावा लागतो आणि प्रतिनिधीमार्फत काम करायचे असल्यास नोटरी व अपोस्टिल (परदेशात ग्राह्य ठरणारे सरकारी प्रमाणन) केलेले मुखत्यारपत्र तयार ठेवावे. वस्तू देशाबाहेर नेण्याचा विचार असेल, तर रॉकेट इंजिने, मार्गदर्शन यंत्रणा आणि त्यांचे तांत्रिक आराखडे निर्यात-नियंत्रणाच्या कक्षेत येऊ शकतात, म्हणून परवान्याची गरज आहे का हे आधी तपासावे. पदके, छायाचित्रे आणि पाकिटे यांच्याबाबत ही अडचण सहसा येत नाही.

विक्रीत फारसे मोल न येणाऱ्या टिपणवह्या, बैठकींची इतिवृत्ते आणि आराखडे एखाद्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या अभिलेखागाराला देता येतात. इतिहासाच्या दृष्टीने बऱ्याचदा तेच खरे धन असते. अशा देणगीसाठी लेखी देणगीपत्र करावे. ५०० डॉलरहून अधिक वजावट मागायची असल्यास फॉर्म ८२८३ जोडावा, आणि ती ५,००० डॉलरच्या वर जात असेल, तर पात्र मूल्यांककाचा अहवाल व स्वीकारणाऱ्या संस्थेची सही हे दोन्ही घ्यावे.