प्रयोगशाळेतील वस्तुमान व आकारमान मापन

रसायनशास्त्राच्या प्राथमिक प्रयोगशाळेत पदार्थाचे वस्तुमान तराजूने आणि द्रवाचे आकारमान खुणा केलेल्या काचपात्रांनी मोजतात. अनुमापनाच्या, म्हणजे एका द्रावणाशी दुसऱ्याची अभिक्रिया घडवून त्याची संहती (द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण) काढण्याच्या प्रयोगात ही दोन्ही मापने एकत्र येतात. आधी घन पदार्थ तोलून प्रमाण द्रावण, म्हणजे नेमकी संहती माहीत असलेले द्रावण करायचे, मग ते पिपेटने (ठरावीक आकारमान उचलणाऱ्या नळीने) शंकुपात्रात घेऊन त्यावर ब्युरेटमधले (खाली तोटी असलेल्या, खुणांच्या उभ्या नळीतले) द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. उत्तराची अचूकता यांतल्या सर्वांत ढोबळ मापापेक्षा चांगली असू शकत नाही.

०.०५ मोलर (लिटरमागे ०.०५ मोल) ऑक्झॅलिक आम्लाचे २५० मिलि द्रावण करण्यासाठी स्फटिकरूप आम्ल १.५७६ ग्रॅम लागते. तराजू दोनच दशांश स्थळे दाखवत असेल, तर ०.०१ ग्रॅमचा फरक म्हणजे सुमारे ०.६ टक्के चूक. पुढे कितीही चांगली पिपेट वापरली तरी ती भरून निघत नाही. नेमके १.५७६ जमवण्यासाठी चमच्याने कण काढत-घालत बसणेही व्यर्थ आहे. तीन दशांशांच्या तराजूवर १.५६२ भरले तर तेच वहीत लिहावे आणि संहती त्यावरून काढावी. आधी पदार्थासह तोलनबाटली तोलतात, पदार्थ चंचुपात्रात ओतल्यावर ती पुन्हा तोलतात. बाटलीला चिकटून राहिलेले कण मग हिशेबात येत नाहीत. गरम भांडे तराजूवर ठेवू नये, कारण भोवतालची हवा तापून वर चढते आणि वजन कमी भरते. सोडियम हायड्रॉक्साइड तर तोलता तोलताच हवेतली वाफ शोषून चिघळते, म्हणून त्याचे प्रमाण द्रावण थेट तोलून करत नाहीत.

आकारमानासाठी कोणते पात्र घ्यावे, हा पहिला प्रश्न. चंचुपात्रावरच्या खुणा केवळ अंदाजासाठी असतात, त्यांत पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो. 'अ' वर्गाच्या, म्हणजे जास्त अचूक दर्जाच्या २५ मिलि पिपेटला मात्र फक्त ०.०३ मिलिची आणि ५० मिलि ब्युरेटला ०.०५ मिलिची सूट असते. ब्युरेटच्या टोकातून पडणारा एक थेंबही साधारण ०.०५ मिलिचाच.

काचेला पाणी चिकटते, त्यामुळे नळीतल्या पाण्याची कड वर चढते आणि मध्य खोल राहतो. वाचन या खोल भागाच्या तळाशी, डोळा त्याच पातळीत ठेवून करायचे. डोळा वर असेल तर ब्युरेटचा आकडा कमी दिसतो, खाली असेल तर जास्त. हाच पराशय दोष. पोटॅशियम परमँगनेटचे द्रावण इतके गडद असते की तळ दिसतच नाही. तिथे वरची कड वाचतात, पण सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा वरचीच.

चुका बहुधा क्षुल्लक कारणांनी होतात. ब्युरेटवर विसरलेले नरसाळे मधेच थेंब सोडते. तोटीत अडकलेला बुडबुडा निसटला की तेवढे द्रावण शंकुपात्रात न जाताही मोजले जाते. ब्युरेट आणि पिपेट ज्या द्रावणाने भरायची त्यानेच विसळतात, शंकुपात्र मात्र नुसत्या पाण्याने, नाहीतर पिपेटने मोजून घेतलेल्या द्रावणात न मोजलेली भर पडते. पिपेटच्या टोकात उरलेला शेवटचा थेंब फुंकून काढायचा नसतो. टोक पात्राच्या कडेला टेकवले की पुरे, कारण खूण करताना तो थेंब वगळलेलाच असतो.

ज्या तापमानाला खुणा अचूक ठरतात ते तापमानही काचपात्रावर छापलेले असते. अनेक देशांत ते २० अंश सेल्सिअस, तर भारतीय पात्रांवर बऱ्याचदा २७ अंश. पिपेट तपासायची तर तिने सोडलेले ऊर्ध्वपातित पाणी तोलतात. २५ मिलिला २५ ग्रॅम भरले नाहीत म्हणून पिपेटला दोष देणारे बरेच असतात. पण २७ अंशांना पाण्याची घनता ०.९९६५ ग्रॅम प्रति मिलि असते आणि हवेच्या उत्प्लावनामुळे (हवा वस्तूला वर उचलते त्यामुळे) वजन किंचित आणखी घटते. चांगली पिपेट त्या तापमानाला सुमारे २४.९ ग्रॅमच दाखवते.