शिर्माखर टेकड्या

अंटार्क्टिकाच्या क्वीन मॉड लँडमधील उघड्या खडकांची बुटकी, लांबट रांग. स्थान सुमारे ७०° ४५′ द., ११° ४०′ पू.; लांबी सुमारे २५ किमी, रुंदी जास्तीत जास्त ३ किमी. भारताचे ‘मैत्री’ संशोधन केंद्र (१९८९) याच रांगेवर आहे. सर्वांत उंच माथा २२८ मी., म्हणजे पुणे शहराच्या (सुमारे ५६० मी.) निम्म्यानेही नाही. दक्षिणेकडून खंडावरचे बर्फ रांगेच्या अंगावर येते. उत्तरेची कड तरंगत्या हिमलादीकडे (समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या जाड थराकडे) तीव्र उतरते. मधल्या खोलगटांत शंभरावर तळी आहेत. उत्तर काठच्या काही तळ्यांत वर गोडे आणि खाली समुद्राचे पाणी असते, त्यामुळे भरती-ओहोटीबरोबर तळेही वरखाली होते.

नाव हवेतून पडले. १९३८–३९च्या जर्मन मोहिमेतील ‘बोरेआस’ विमानाचा वैमानिक रिचर्डहाइनरिख शिर्माखर याला ही रांग दिसली. त्या मोहिमेच्या हवाई छायाचित्रांना जमिनीवर मोजलेल्या खुणांचा आधार नव्हता. म्हणून नकाशावरची स्थाने सरकली. पुढे नॉर्वेच्या १९५६–६०च्या मोहिमेतील सर्वेक्षणामुळे या प्रदेशाचे नकाशे सुधारले.

कोंढाणा आणि सिंहगड एकच, हे पुणेकराला सांगावे लागत नाही. इथे मात्र सांगावे लागते. ‘मैत्री’जवळचे प्रियदर्शिनी तळे रशियन नकाशांत ‘झुब’ (दात) आहे. अंटार्क्टिकावर नावे ठरवणारी एकच सत्ता नाही, म्हणून सामायिक नामसूचीत प्रत्येक देशाचे नाव शेजारी-शेजारी नोंदले जाते. जागा पक्की करायची तर नावाऐवजी अक्षांश-रेखांश जुळवावेत. त्यातही रेखांशाचे एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) इथे जेमतेम ६१० मी. भरते, पुण्यात ते सुमारे १.७६ किमी असते. ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवणाऱ्या मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशात ही रांग लांबीने तिप्पट आणि क्षेत्रफळाने नऊपट फुगते. अंतर मोजायला ध्रुवीय प्रक्षेपणाचाच (ध्रुव मध्यभागी धरून काढलेला) नकाशा घ्यावा.

सर्वाधिक घोटाळा ‘दक्षिण गंगोत्री’चा. या नावाचे भारताचे पहिले केंद्र (१९८३–८४) हिमलादीवर होते आणि बर्फाखाली गाडले गेल्याने १९९०मध्ये सोडून द्यावे लागले. त्याच नावाची हिमनदी मात्र शिर्माखर टेकड्यांना भिडते. तिचे तोंड अंटार्क्टिक करारानुसार राखलेल्या विशेष संरक्षित क्षेत्र क्र. १६३ मध्ये येते.