डिंक, लवंग, चुना, सिमेंट आणि मुळाशी राहणाऱ्या पेशी

मागच्या मे महिन्यात निफाडकडच्या एक आजी नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा नऊ वर्षांचा. काही महिन्यांपूर्वी सायकलवरून पडला, वरचा पुढचा दात जरासा तुटला, दुखणं थांबलं म्हणून सगळे विसरले. आता हिरडीवर पुळी आली होती आणि आजींनी तिथे लवंग दाबून ठेवली होती. "नस मेली असंल तर काढा आन् सिमेंट भरून द्या, मॅडम," त्या म्हणाल्या.

एक्स-रेत दिसलं की मुळाचं टोक अजून उघडं आहे. हा दात सातव्या-आठव्या वर्षी हिरडीबाहेर येतो, पण त्याचं मूळ पूर्ण व्हायला पुढे साधारण तीन वर्षं लागतात. तोवर टोकाशी मऊ ऊतीचा एक इवलासा गोळा असतो आणि त्यातल्या मूलपेशी (स्टेम सेल, ज्यांच्यापासून निरनिराळ्या ऊती तयार होतात) मूळ घडवत असतात. आपण मुळातल्या नळीत जे काही भरू, ते या पेशींच्या अंगाला लागणार. रूट कॅनलच्या इतिहासात हा विचार फार उशिरा आला. तो कसा आला, हे नाशिकमधल्या पालकांना ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

भरण्याच्या पदार्थांपासून सुरुवात करते, कारण ते आपल्या ओळखीचे आहेत. पहिला म्हणजे गट्टापर्चा, मलायातल्या झाडाचा चीक. १८४३ मध्ये विल्यम मॉन्टगोमेरी या डॉक्टरांनी त्याचे नमुने लंडनला पाठवले आणि थोड्याच वर्षांत समुद्राखालच्या तारांच्या केबलवर त्याचं वेष्टण चढलं. दातांच्या मुळात तो १८६७ च्या सुमारास आला आणि आजही तिथेच आहे. आज आम्ही वापरतो त्या गुलाबी काड्यांत खरा गट्टापर्चा जेमतेम पाचवा हिस्सा असतो, बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड. काडी आणि नळीची भिंत यांच्यातली फट बुजवायला सीलर लागतो. तिथे लवंग आली. झिंक ऑक्साइडची पूड लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलमध्ये कालवली की घट्ट लेप होतो. अमेरिकेतले लुई ग्रॉसमन यांचा १९३६ चा सीलर याच जातीचा होता. त्यातली चांदी दात काळवंडवायची, म्हणून १९५८ मध्ये त्यांनी चांदीविना नवं मिश्रण दिलं. दात काळा पडू नये, फट राहू नये, एक्स-रेत दिसावं, या सगळ्याची काळजी घेतली गेली. पलीकडच्या पेशींना काय वाटतं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण पलीकडे मूलपेशी असतील ही कल्पनाच नव्हती.

चुन्याची गोष्ट जरा वेगळी. पानाला लावतो तोच चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. १९२० मध्ये जर्मनीत हर्मान यांनी तो दातात वापरायला सुरुवात केली. त्याचा सामू १२.५ च्या घरात, त्यामुळे त्यात जंतू टिकत नाहीत आणि त्याच्या स्पर्शाने कठीण ऊतीचा पूल तयार होतो. १९६० च्या दशकापासून उघड्या टोकाच्या दातात महिनोन् महिने चुना भरून ठेवण्याची पद्धत रुळली. टोकाशी कवच यायचं आणि मग नळी भरता यायची. पण मूळ वाढायचं नाही, भिंती पातळच राहायच्या. २००२ मध्ये आंद्रेयासेन आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या कोवळ्या दातांवर दाखवलं की चुना साधारण वर्षभर राहिला तर मुळाची ताकद निम्म्यावर येते. अशी मुलं मी पाहिली आहेत. टोक बंद झालेलं, उपचार पुस्तकाबरहुकूम, आणि दोन वर्षांनी खेळताना हिरडीच्या कडेला मोडलेला दात.

शेवटचा पदार्थ सिमेंट. आजींनी तो शब्द सहज वापरला, पण १९९३ पासून तो शब्दशः खरा आहे. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रीगेट) हे दातात भरायचं सिमेंट तयार केलं. त्यात सुमारे ७५ टक्के पोर्टलँड सिमेंट, एक्स-रेत दिसावं म्हणून २० टक्के बिस्मथ ऑक्साइड आणि थोडं जिप्सम. गवंडी भिंतीला लावतो त्याचंच शुद्ध रूप. (बांधकामाचं सिमेंट मात्र तोंडाजवळही नेऊ नका, त्यात जड धातू असू शकतात.) ओलसर जागेत घट्ट होणं हा त्याचा मोठा गुण. घट्ट होताना ते स्वतःच चुना तयार करतं, कॅल्शियम बाहेर सोडतं आणि शरीरद्रवातल्या फॉस्फेटशी जुळून पृष्ठभागावर हाडासारख्या खनिजाचा थर चढवतं. याच रसायनावर, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटवर, पुढे बायोडेंटीन नावाचं सिमेंट आणि आजचे बायोसिरॅमिक सीलर आले.

हे होत असताना दुसरीकडे पेशी सापडत होत्या. २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ग्रोंथोस, शी आणि सहकाऱ्यांनी प्रौढांच्या अक्कलदाढेच्या गरात मूलपेशी असल्याचं दाखवलं. सोंगताओ शी मुळात मुलांचे दंतवैद्य. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दुधाचा दात पडला, त्याच्या आत लालसर ऊती दिसली आणि तिचा शोध घेतला तेव्हा २००३ चा शोधनिबंध झाला: दुधाच्या दातांतही मूलपेशी आहेत. २००४ मध्ये दात हाडाला बांधून ठेवणाऱ्या तंतूंत त्या सापडल्या आणि २००६ मध्ये उघड्या टोकाशी असलेल्या त्या गोळ्यात. आपल्याकडे 'मूळपेशी' म्हणतात तेव्हा दाताच्या मुळाशी त्या शब्दाचा संबंध नसतो, पण इथे तो योगायोगाने जुळतो.

मग प्रश्न बदलला. पोकळी घट्ट बुजली का, एवढ्यावर आता भागेना. बुजवलेल्या पदार्थाच्या शेजारी पेशी जगते का, चिकटते का, खनिज घालते का, हेही पाहावं लागलं. त्यासाठीचा प्रयोग साधा आहे. काढलेल्या अक्कलदाढेतून पेशी घेऊन वाढवायच्या. घट्ट झालेल्या सीलरची चकती पोषक द्रवात भिजत ठेवायची आणि तो अर्क पेशींवर घालायचा. मग एक पिवळं रसायन टाकलं की जिवंत पेशी ते जांभळं करतात. रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत. या चाचण्यांत एपॉक्सी राळेचे सीलर ताजे असताना पेशींना मारक ठरले. त्याच जातीच्या जुन्या एएच-२६ या सीलरमधून तर घट्ट होताना फॉर्मल्डिहाइड सुटायचं. युजेनॉलचंही तसंच. दाढ दुखताना लवंग आराम देते हे खरं, पण उघड्या पेशींवर तेच तेल जाळतं. कॅल्शियम सिलिकेटच्या सीलरवर मात्र पेशी पसरून चिकटल्या आणि खनिज घालण्याच्या कामाला लागल्या. तरी प्लास्टिकच्या प्लेटमध्ये रक्ताभिसरण नसतं आणि चुन्याचा दाह शोषून घेणारं डेंटिन, म्हणजे दाताच्या आतला कठीण भागही नसतो, त्यामुळे तिथला निकाल जसाच्या तसा तोंडात उतरेल असं मी धरून चालत नाही.

सगळ्यात मोठा धडा तर भरण्याच्या आधीच्या पायरीवर मिळाला. नळीत रक्ताची गुठळी होऊ द्यावी, तीतून ऊती वाढेल, ही कल्पना नॉर्वेच्या न्यूगार्ड-ऑस्तबी यांनी १९६१ मध्येच मांडली होती. २००१ मध्ये जपानी डॉक्टरांनी आणि २००४ मध्ये बँक्स व ट्रोप यांनी जंतूबाधित कोवळ्या दातात मूळ पुन्हा वाढलेलं दाखवलं. त्यासाठी नळीत तीन अँटिबायोटिक्सचा लेप ठेवत. तो दाट लेप आणि नळी धुण्याचं तीव्र ब्लीच, दोन्ही याच मूलपेशींना मारतात हे प्रयोगशाळेत नंतर कळलं. म्हणून आता ब्लीच १.५ टक्क्यांचं, लेप दिलाच तर मिलिलिटरमागे १ ते ५ मिलिग्रॅम इतका पातळ, नाहीतर सरळ चुना. शेवटी १७ टक्के ईडीटीए या रसायनाने धुणं, कारण ते भिंतीतच अडकलेले वाढीचे घटक मोकळे करतं. चुना इथे परत आला, पण महिन्यांसाठी नाही, काही आठवड्यांसाठी.

राज्यातल्या दंत महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे आणि एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध तिथेच जातात. नवा सीलर पेशींना कसा वागवतो हे तपासण्याचं काम आपल्या मुलांच्या हातून व्हावं असं फार वाटतं, काढलेल्या अक्कलदाढा तर आपल्याकडे रोज कचऱ्यात जातात. मात्र दुधाचे दात पैसे भरून साठवून ठेवायच्या मागे पालकांनी लागू नये. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फक्त नाळेतल्या रक्ताच्या बँकेला परवानगी आहे, दाताच्या ऊतीच्या नाही.

आजींच्या नातवाची नळी मी सौम्य ब्लीचने धुतली, तीन आठवडे चुना ठेवला, मग सुईच्या टोकाने मुळापलीकडून रक्त आणलं, गुठळी होऊ दिली आणि तिच्यावर बायोडेंटीन बसवलं. पुळी गेली. दिवाळीच्या सुट्टीतल्या एक्स-रेत टोकाजवळचा काळा डाग भरून आलेला दिसला, भिंतीची जाडी मात्र अजून तेवढीच आहे. आजींनी विचारलं, "म्हंजी नस परत आली का?" मी खरं ते सांगितलं. अशा दातांत आत जे वाढतं ते बहुतेक वेळा पहिल्यासारखी नस नसते, मुळावरच्या कठीण थरासारखं (त्याला सिमेंटम म्हणतात) किंवा हाडासारखं काहीतरी असतं. पुढचा एक्स-रे मेमध्ये आहे. लवंग त्यांनी आता हिरडीवर ठेवायची बंद केली आहे.