कवकसंसर्गातील प्रतिपिंडे व बी-पेशी

कवकजन्य (बुरशीजन्य) रोगांपासून शरीराचे रक्षण मुख्यतः रोगजंतू गिळणाऱ्या भक्षिपेशी व टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशी करतात. बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी आणि त्यांनी स्रवलेली प्रतिपिंडे (रोगजंतूंना चिकटणारी प्रथिने) यांचा वाटा मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुधा नगण्य मानला जाई. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ब्रूटन यांनी १९५२ मध्ये वर्णिलेल्या गॅमाग्लोब्युलिन-अभावाच्या (रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसण्याच्या) विकारात जिवाणुसंसर्ग वारंवार होतात, पण गंभीर कवकसंसर्ग तुलनेने क्वचितच आढळतात. उलट एड्समध्ये सीडी४ हा टी-पेशींचा प्रकार घटला की क्रिप्टोकॉकस या कवकामुळे होणारा मेंदूज्वर बळावतो. शिवाय रक्तद्रवात प्रतिपिंडे असूनही रोग वाढत गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

या मताला खरा छेद दिला तो क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सवरील मोनोक्लोनल (एकाच बी-पेशीच्या वंशातून मिळणाऱ्या, एकसारख्या) प्रतिपिंडांच्या अभ्यासाने. या कवकाच्या पेशीभोवती बहुशर्करेचे जाड आवरण असते. त्याविरुद्धची १२ए१ व १३एफ१ ही आयजीएम वर्गातील दोन प्रतिपिंडे एकाच मूळ बी-पेशीपासून उद्भवलेली असून त्यांत मोजक्याच उत्परिवर्तनांचा फरक आहे. तरीही पहिले आवरणाला कड्यासारखे चिकटते व उंदराला वाचवते, तर दुसरे ठिपक्याठिपक्यांनी चिकटते व निरुपयोगी ठरते. आयजीजी३ या दुसऱ्या वर्गातील एका प्रतिपिंडाचा वर्ग बदलून आयजीजी१ केल्यावर ते संरक्षक झाले, आणि प्रतिपिंडाची मात्रा फार वाढवल्यास संरक्षण उणावते, असेही दिसून आले. या कवकाचे अभ्यासक कासाडेव्हाल व त्यांचे सहकारी यांचे प्रतिपादन असे, की रक्तद्रवात संरक्षक, निष्फळ व प्रसंगी घातक प्रतिपिंडे एकत्र असल्याने जुन्या प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले. उपलब्ध पुरावा पाहता हेच मत अधिक ग्राह्य वाटते. याच आवरणाविरुद्धच्या १८बी७ या प्रतिपिंडाची मानवावरील पहिल्या टप्प्याची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली; तीत रक्तातील प्रतिजनाचे (कवकाच्या आवरणातील बहुशर्करेचे) प्रमाण घटले, पण ते तात्पुरतेच.

कँडिडा या दुसऱ्या कवकाच्या एचएसपी९० प्रथिनाविरुद्धचे एफुंगुमॅब हे प्रतिपिंड-औषध युरोपीय औषध नियामकांची मान्यता मिळवू शकले नाही. कँडिडाच्याच एएलएस३ प्रथिनावर आधारलेल्या लशीच्या चाचणीत वारंवार योनिदाह होणाऱ्या, ४० वर्षांखालील स्त्रियांत लाभाची चिन्हे दिसली. हिस्टोप्लाझ्मा या कवकाविरुद्धच्या प्रतिपिंडांवरील काम बव्हंशी उंदरांपुरते आहे.

बी-पेशींचे कार्य प्रतिपिंडांपुरते नाही. न्यूमोसिस्टिस या फुप्फुसातील कवकाच्या संसर्गात त्या टी-पेशींपुढे प्रतिजन (कवकाचे ओळखता येणारे अंश) मांडतात, आणि बी-पेशी नष्ट करणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधानंतर हा संसर्ग होऊ शकतो. इब्रुटिनिब हे रक्तकर्करोगावरील औषध घेणाऱ्यांतील ॲस्परजिलस या कवकाच्या संसर्गाचे कारण मात्र केवळ बी-पेशींत शोधणे घाईचे ठरेल, कारण त्या औषधाने रोधले जाणारे बीटीके विकर (पेशीतील संदेश पुढे नेणारे प्रथिन) बी-पेशींप्रमाणे भक्षिपेशींतही असते.