आमच्या माघारी कोण? : राष्ट्रीय न्यास कायद्यामागची पालकांची चळवळ

विशेष मुलांच्या पालकांची बैठक कुठेही भरू दे, शाळा, थेरपी आणि फी हे विषय तरुण आईबाप काढतात. साठी ओलांडलेले पालक बोलायला उठले की प्रश्न ठरलेला असतो : आमच्या माघारी याचं कोण बघणार? १९९९ साली आलेला राष्ट्रीय न्यास कायदा याच प्रश्नाच्या पाठपुराव्यातून आला.

सुरुवात मात्र शाळांपासून झाली. १९४४ मध्ये मुंबईत वकील दाम्पत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी शाळा काढली, तीच आजची शिवडीची जय वकील. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी ही विशेष मुलांची शाळा उभी राहिली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या आपल्या मुलीला शिकायला योग्य जागा मिळेना, म्हणून मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. दार उघडेना, तेव्हा पालकांनी स्वतःच दार बसवलं. पण मुलं मोठी होतात आणि शाळा संपते. मग जो पेच उभा राहतो, त्याचं उत्तर कुठल्याच शाळेकडे नव्हतं.

हा पेच बँकेच्या काउंटरवर लख्ख दिसतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याने सज्ञान ठरतो. त्याला सही करता येत नाही, व्यवहार समजत नाही. आणि तो सज्ञान, म्हणून आईची सही चालत नाही. आजोबांनी नातवाच्या नावे ठेवलेली मुदत ठेव, वारसाहक्काने आलेला घरातला वाटा, सगळीकडे तीच अडवणूक. ज्या आईने अठरा वर्षं त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, ती कागदावर एका दिवसात परकी होते.

याचं कारण जुन्या कायद्यांत होतं. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा फक्त अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांपुरता. १९१२ च्या कायद्यात बौद्धिक अक्षमता आणि मनोविकार एकाच कप्प्यात कोंबलेले होते. ते अपमानास्पद होतं, पण त्यात निदान कायदेशीर पालक, म्हणजे त्या व्यक्तीच्या वतीने सही-व्यवहार करणारं माणूस, नेमण्याची वाट तरी होती. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ पासून लागू झाला. त्याने बौद्धिक अक्षमतेला मनोविकाराच्या व्याख्येतून वगळलं. शास्त्रीय दृष्ट्या ते योग्यच होतं, पण सज्ञान मुलासाठी पालक नेमायची तरतूद मनोरुग्णांपुरतीच राहिली आणि ही मुलं अधांतरी पडली. उच्च न्यायालयात याचिका करण्यावाचून मार्ग उरला नाही, आणि तो किती घरांना परवडणार?

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मोजले गेले. त्यात स्वमग्नता (ऑटिझम) नव्हती. पालकत्वाचा प्रश्नही सुटला नाही. दिल्लीत १९९१ पासून ॲक्शन फॉर ऑटिझम ही पालकाने सुरू केलेली संस्था काम करत होती. १९९५ मध्ये ठिकठिकाणच्या पालक संघटना 'परिवार' या महासंघात एकत्र आल्या. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो, कारण तोवर आपापल्या मुलासाठी झगडणारे आईबाप आता सगळ्यांच्या मुलांसाठी बोलू लागले.

राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी आहे. या कायद्याने उभ्या राहिलेल्या न्यास या संस्थेला केंद्राने निधी म्हणून एकदाच १०० कोटी रुपये द्यायचे, अशी त्यात तरतूद झाली. न्यासाच्या मंडळावर पालक संघटनांसाठी तीन जागा ठेवल्या गेल्या. पालकत्वासाठी उच्च न्यायालय गाठायची गरज संपली : जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती अशी स्थानिक समिती अर्ज तपासते. तिने नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्षानंतर हिशेब. पालक हयगय करत असेल, मालमत्ता लाटत असेल, तर त्याला हटवण्याची मागणी करता येते. ही कलमं वाचताना जाणवतं, की भावकीचा अनुभव असलेल्या माणसांचं म्हणणं इथे ऐकलं गेलं आहे.

पुढे नवा वाद उभा राहिला. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. प्रत्येक व्यक्तीला कायद्यापुढे समान क्षमता आहे, असं तो मानतो. त्याला अनुसरून २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्यात स्वमग्नताही आली. शिवाय ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे चालणारं मर्यादित पालकत्व आणलं. राष्ट्रीय न्यासाची जुनी पद्धतही सुरूच आहे. आमच्या वतीने सगळं तुम्हीच ठरवू नका, हे अपंग तरुणांचं म्हणणं मला पटतं. मात्र ज्याला भूक लागल्याचंही सांगता येत नाही, त्याच्या आईला पूर्ण पालकत्वाचा कागद हवासा वाटतो, तिलाही चूक म्हणवत नाही. दोन्ही वाटा खुल्या असाव्यात आणि कुठली घ्यायची ते त्या माणसाकडे बघून ठरावं, असं माझं मत आहे.

कागद मिळाला तरी राहायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेने खोणीला 'घरकुल' उभारलं, बदलापूरला पालकांनीच 'आधार' उभी केली. अशा ठिकाणी मोठी झालेली मुलं आयुष्यभर राहू शकतात. भावंडं नसतील, नातेवाईक पुढे येत नसतील, तर नोंदणीकृत संस्थेलाही पालक नेमता येतं, ही सोय राष्ट्रीय न्यासाच्या व्यवस्थेतच आहे. त्यासाठीचा अर्ज आईवडिलांनी हातपाय चालतात तोवर, स्वतः समितीपुढे जाऊन करून ठेवावा.