स्पार्क प्लगवरचा उलटा आकडा: पार्श्वभूमी

गाडीसाठी प्लग निवडताना आज जो घोळ होतो, त्याचे मूळ प्लगवर छापलेल्या एका आकड्यात आहे. विजेच्या ठिणगीवर चालणारे इंजिन 1860 मध्येच तयार झाले होते. मोटारगाडीला भरवशाचा प्लग मिळाला तो 1902 च्या सुमारास, उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारे यंत्र, आल्यावर. प्लगच्या आतल्या विद्युतरोधकासाठी चिनीमाती आणि अभ्रक मागे पडून 1930 च्या दशकापासून ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) सिरॅमिक रुळले. त्याआधीच्या इतिहासावाचून आज प्लग बदलणाऱ्याचे काही अडत नाही.

अडते ते हीट रेंजपाशी, म्हणजे प्लग किती तापलेला राहतो यापाशी. सिरॅमिकचे आतले नाक लांब असेल तर उष्णता इंजिनाच्या हेडकडे (सिलिंडरवरच्या झाकणाकडे) हळू जाते आणि टोक तापलेले राहते. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर तो थंड. टोक साधारण 450-500 अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर काजळी जळत नाही आणि प्लग काळा पडतो. 900 च्या आसपास गेले तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटते आणि पिस्टनला भोक पडायची वेळ येते. इथवर कुणाचेच दुमत नाही. आकडा कुठल्या दिशेने मोजायचा, यावर मात्र उत्पादकांचे कधीच एकमत झाले नाही.

युरोपातल्या एका जुन्या कारखान्याच्या प्लगवर पूर्वी 145, 175, 225 असे आकडे असत. त्यांचा आधार चाचणी इंजिनातली कसोटी होती: प्लग जितका जास्त टिकाव धरेल तितका आकडा मोठा, म्हणजे मोठा आकडा थंड. पुढे त्याच कारखान्याने हे आकडे एकेरी केले, आणि करताना दिशाच उलटवली. 145 चा 8 झाला, 175 चा 7, 225 चा 5. आता मोठा आकडा गरम. अमेरिकी उत्पादकांचे आकडे आधीपासून याच दिशेने चढत होते, त्यामुळे बदलाचे समर्थन करता येते. पण ज्यांच्या हाताला 225 म्हणजे थंड हे बसले होते, त्यांच्यासाठी हा निर्णय त्रासाचाच होता. जुना आकडा निदान काहीतरी मोजत होता. नवा नुसता अनुक्रमांक आहे.

तोवर जपानी प्लग जगभर पोहोचले होते आणि त्यांनी मोठा आकडा थंडच ठेवला. त्यातही दोन मोठ्या उत्पादकांच्या मोजपट्ट्या वेगळ्या: एकाचा 5 म्हणजे दुसऱ्याचा 16, एकाचा 6 म्हणजे दुसऱ्याचा 20. युरोपी आकडे आणि यातल्या पहिल्या जपानी उत्पादकाचे एकेरी आकडे 6 च्या आसपास एकमेकांना ओलांडतात, म्हणून तिथे चूक झाली तरी सहसा खपून जाते. टोकाला खपत नाही. युरोपी 8 हा साध्या गाडीचा प्लग. जपानी 8 चांगलाच थंड, तो तिथे लावला तर काळा पडून इंजिन मिस करू लागते. उलट, युरोपी 5 मागणाऱ्या वेगवान इंजिनात जपानी 5 बसवला तर धोका पिस्टनलाच. तुलनेचे तक्ते मिळतात, पण ते जवळचा पर्याय दाखवतात, तंतोतंत जोड नाही. एका तक्त्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात उडी मारली की एखादी पायरी हमखास सरकते. गाडीच्या पुस्तिकेतला मूळ क्रमांकच धरावा, असे जाणकार म्हणतात ते यामुळे.

1970 च्या दशकात बाकी सगळेच बदलले. 1923 पासून पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे शिसे हटू लागले आणि प्लगवर बसणारा त्याचा थर गेला. पॉइंटची (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या यांत्रिक स्विचची) जागा इलेक्ट्रॉनिक इग्निशनने घेतली, व्होल्टेज वाढले आणि 0.6-0.7 मिमीची गॅप, म्हणजे ठिणगी ओलांडते ती फट, 1 मिमीपलीकडे गेली. एका अमेरिकी उत्पादकाने तर ती 0.080 इंच, म्हणजे 2 मिमीपर्यंत नेली आणि नंतर गुपचूप कमी केली. टर्बो इंजिनांत दाब जास्त असल्याने गॅप आजही लहान ठेवतात.

मग प्लॅटिनम आले, 1990 च्या दशकात इरिडियम. निकेल 1455 अंशांना वितळते, इरिडियम 2446 ला. त्यामुळे मधला इलेक्ट्रोड (ठिणगीचे धातूचे टोक) अडीच मिमीवरून 0.4-0.6 मिमीइतका बारीक करता आला. बारीक टोकाला ठिणगीसाठी कमी व्होल्टेज पुरते आणि ते झिजतेही हळू. शक्ती वाढते, ही मात्र जाहिरातीतली गोष्ट. एकच कॉइल (व्होल्टेज वाढवणारे वेटोळे) दोन सिलिंडरांना ठिणगी देते अशा इंजिनात निम्म्या प्लगांत वीज उलट्या दिशेने जाते आणि बाहेरचा इलेक्ट्रोड झिजतो. तिथे दोन्ही टोकांवर मौल्यवान धातू असलेलाच प्लग घ्यावा लागतो.

दहा-पंधरा हजार किलोमीटरला निघणारा प्लग आता लाखभर किलोमीटर जागेवरच राहतो, आणि बदलताना नवेच दुखणे पुढे येते. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आटे धरून बसतात. 2004 नंतरच्या एका अमेरिकी व्ही-आठ इंजिनात दोन तुकडे जोडून केलेले प्लग कार्बनने इतके जखडत, की वरचा भाग हातात यायचा आणि खालचा हेडमध्येच राहायचा. जुने मेकॅनिक आट्यांना न चिकटणारे ग्रीस लावतात. उत्पादक म्हणतात, आट्यांवर मुलामा आहे, लावू नका. त्यांचा मुद्दा खरा आहे: ग्रीसमुळे घर्षण कमी होते आणि 14 मिमीच्या प्लगला सांगितलेला 25-30 न्यूटन मीटरचा पीळ मोजणाऱ्या पान्यावर दिसत असतानाच तो जास्त ताणला जातो. हेड थंड असतानाच प्लग काढावा, आधी हवेने खड्डा साफ करावा आणि नवा प्लग पहिले काही फेरे हातानेच फिरवावा, यावर मात्र दोन्ही बाजू सहमत आहेत.