मुलांच्या हातातले ठोकळे: बालशिक्षणात सर्जनशीलता आली कुठून?

जून २०२४ मध्ये ‘पिसा’चा एक वेगळा निकाल जाहीर झाला. पंधरा वर्षांच्या मुलांचं वाचन, गणित आणि विज्ञान तपासणाऱ्या या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्यांदाच सर्जनशील विचार मोजला गेला होता. ६० पैकी ४१ गुण मिळवून सिंगापूर पहिलं आलं, ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेतल्या देशांची सरासरी ३३ होती. बातम्या झाल्या त्या क्रमवारीच्या. पण पंधराव्या वर्षी जे मोजलं गेलं, त्याची सुरुवात तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात होते. त्या हाताला शाळेत मोकळीक मिळावी म्हणून चाललेली धडपड जवळजवळ दोनशे वर्षांची आहे.

त्याआधीही काही वाटा खुल्या झाल्या होत्या. कोमेनियसने १६५८ मध्ये मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं, रूसोने १७६२ मध्ये बालपणाला स्वतःचं मोल आहे असं ठासून सांगितलं, पेस्टालॉझीने डोक्यासोबत हृदय आणि हातही शिकले पाहिजेत असा आग्रह धरला. मुलाने स्वतः काही घडवणं हाच शिक्षणाचा गाभा मानला, तो मात्र त्याच्याकडे काही काळ राहून शिकलेल्या फ्रीड्रिश फ्रोबेलने.

फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी खेळाची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. त्याने तयार केलेल्या खेळण्यांना तो ‘भेटी’ म्हणे. पहिली भेट लोकरीच्या रंगीत चेंडूंची. तिसरी माझ्या विशेष आवडीची: एक छोटी लाकडी पेटी. ती पालथी घालायची, खालचं सरकतं झाकण ओढून घ्यायचं आणि पेटी अलगद वर उचलायची. मुलासमोर एक अखंड घन उभा राहतो. हात लावला की कळतं, हे तर आठ सारखे ठोकळे आहेत! मग त्यांची खुर्ची होते, जिना होतो, चांदणीसारखी नक्षी होते. चार इकडे, चार तिकडे केले की अर्ध म्हणजे काय तेही हाताला समजतं. तरुणपणी बर्लिनमध्ये स्फटिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला हे सुचावं, यात नवल नाही.

याच भेटींना एक नियमही जोडलेला होता. केलेली रचना मोडून टाकायची नाही, तिच्यातूनच पुढची काढायची, आणि एकही ठोकळा बाजूला पडू द्यायचा नाही. फ्रोबेलच्या मनात त्यामागे सृष्टीतल्या एकतेचा विचार होता. शिष्यांच्या हाती मात्र नियम तेवढा उरला. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या शाळा नास्तिक आणि समाजवादी ठरवून बंद केल्या. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला, बंदी उठली ती १८६० मध्ये. तोवर त्याच्या पद्धतीत तयार झालेल्या शिक्षिकांनी ती देशोदेशी नेली होती. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक बालवर्गांत बाई सांगतील तो ठोकळा, सांगतील त्या क्रमाने, टेबलावर आखलेल्या चौकटीत ठेवायचा, अशी कवायत सुरू झाली. मुलाला मोकळं करायला निघालेलं साधनच त्याला बांधून ठेवू लागलं, याचं मला फार वाईट वाटतं. अमेरिकेत पॅटी स्मिथ हिल यांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि मुलांना जमिनीवर बसून हवं ते उभारता येईल असे मोठे ठोकळे आणले.

चित्रकलेत हीच लढाई व्हिएन्नात झाली. मोठ्यांनी काढलेली आकृती हुबेहूब उतरवणं, हाच तेव्हा शाळेतला चित्रकलेचा तास. फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी चित्रवर्ग सुरू केला, तो मुलाचं चित्र हे मोठ्यांच्या चित्राची अर्धवट नक्कल नसते, या विश्वासावर.

१९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालघर उघडणाऱ्या मारिया माँटेसरींचा मार्ग वेगळा होता. त्यांची साधनं ठरलेल्या रीतीनेच हाताळायची, आणि परीकथांबद्दल त्यांना शंकाच होती. माझा कल फ्रोबेलच्या ठोकळ्यांकडे आहे. तरी डोळे आणि बोटं आधी तयार झाली पाहिजेत, हा त्यांचा मुद्दा टाकून देता येत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनीही १९३० मध्ये लिहिलं की कल्पना शून्यातून येत नाही, अनुभव जितका भरघोस तितका तिला कच्चा माल मिळतो.

गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं तेव्हा माँटेसरी पद्धतीला गोष्टींची, गाण्यांची आणि नाटकांची जोड दिली. माँटेसरींनी जे दाराबाहेर ठेवलं होतं, ते त्यांनी सन्मानाने आत घेतलं. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केलं आणि महागड्या साधनांऐवजी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. शंख-शिंपले आणि बिया कशा मांडायच्या याचं कुठलंही पुस्तक नसतं, त्यामुळे हा बदल मला नुसत्या काटकसरीचा वाटत नाही.

मानसशास्त्राने या विषयाकडे उशिराच पाहिलं. १९५० मध्ये जे. पी. गिलफर्ड यांनी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात हिशेब मांडला: मानसशास्त्रीय लेखनाच्या २३ वर्षांतल्या सुमारे १,२१,००० नोंदींपैकी सर्जनशीलतेवरच्या फक्त १८६. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक हा उपग्रह अवकाशात गेला आणि अमेरिकेला या विषयाची एकदम निकड वाटू लागली. १९६६ मध्ये पॉल टॉरन्स यांच्या चाचण्या आल्या. त्यांत अर्धवट रेघा देऊन मुलाला त्यातून चित्र पुरं करायला सांगितलं जातं.

इटलीत रेज्जो एमिलिया या शहराजवळच्या एका खेड्यात याहून साधी गोष्ट घडली होती. १९४५ च्या वसंतात, युद्ध संपताच, गावकऱ्यांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांतून बालशाळा बांधायला घेतली. ते ऐकून लोरिस मालागुझी हा तरुण शिक्षक सायकलवरून पाहायला गेला. पुढे मालागुझींच्या पुढाकाराने त्या शहराच्या बालशाळांत ‘आतेलिए’, म्हणजे कार्यशाळेची खोली, आणि तिथे कलेचं शिक्षण घेतलेली व्यक्ती असू लागली.

१९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला राहून राहून आठवतो. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बालशाळेतली अशी मुलं निवडली, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि लाल फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेन पुन्हा ठेवले, बक्षिसाचा विषय कुणी काढला नाही. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी रमली.